घराच्या आतल्या कामाचा नकाशा संगणकावर कसा शिकावा



दहावी-बारावीचे निकाल लागले की मुलाला किंवा मुलीला पुढे कशाला घालायचे, हा विषय घरोघर निघतो. हल्ली त्यात 'कॅड' हे एक नाव ऐकू येते. तालुक्याच्या गावी पाट्या लागल्या आहेत, 'इंटिरियरचा कोर्स' अशा जाहिराती येतात आणि ऊसबिलाचा एखादा हप्ता त्या फीकडे वळतो. पैसा घामाचा आहे. म्हणून हे काम नेमके काय, ते कोणत्या क्रमाने शिकावे आणि फी भरण्याआधी काय विचारावे, एवढे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यांना मुले शिकवायची नाहीत पण यंदा घर काढले आहे, त्यांनीही हे वाचावे. सुताराच्या हाती कागद देताना त्याचा उपयोग होईल.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. संगणक ही फक्त पेन्सिल आहे. ज्याला टेप धरता येत नाही आणि भिंतीचा कोपरा काटकोनात आहे का हे पाहता येत नाही, त्याच्या हाती कितीही महाग पेन्सिल दिली तरी रेघ चुकीच्या जागीच पडणार. म्हणून आधी माप, मग हाताने काढलेला कच्चा नकाशा आणि शेवटी संगणक, हाच क्रम धरावा. जाहिरातीत मात्र तो बहुधा उलटा असतो.

संगणकावर रेघा काढण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली 'स्केचपॅड' नावाची योजना करून दाखवली, तीत पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने आकृती काढता येत असे. साध्या, टेबलावरच्या संगणकावर चालणारा 'ऑटोकॅड' १९८२ साली बाजारात आला आणि पुढे हळूहळू ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईचे पेन कोपऱ्यात गेले. पूर्वी ट्रेसिंग कागदावर एक भिंत सरकवायची म्हटली की ब्लेडने रेघ खरडावी लागे. आता ती निवडून बाजूला सरकवतात. श्रम वाचले हे खरे, पण भिंत कुठे हवी हे ठरवण्याची अक्कल पूर्वी लागत होती तेवढीच आजही लागते.

आता नकाशा म्हणजे काय ते पाहू. गटाचा नकाशा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. वरून पाहिल्यावर बांध कसा जातो, ते त्यात दिसते. घराचा प्लॅन असाच, फक्त तो छतावरून पाहिलेला नसतो. जमिनीपासून साधारण चार फुटांवर घर आडवे कापले आणि वरचा भाग उचलून बाजूला ठेवला, तर खाली जे दिसेल तो प्लॅन. त्यात भिंतीची जाडी, दाराची चौकट, खिडकीची फट आणि ओट्याची रुंदी कळते. उंची मात्र कळत नाही. त्यासाठी एकेका भिंतीसमोर उभे राहून ती जशी दिसते तशी काढतात, तिला एलेव्हेशन म्हणतात. आणि उभा छेद घेतला तर तो सेक्शन. ऊस आडवा तोडला की गोल चकती दिसते, उभा चिरला की पेरे दिसतात. ऊस तोच, पण दोन्ही पाहिल्याशिवाय तो पुरता समजत नाही. स्वयंपाकघराचा नुसता प्लॅन घेऊन काम सुरू केले तर ओट्याच्या वरची मांडणी डोक्याला लागते की हाताला पोचत नाही, हे ती ठोकल्यावरच कळते.

मापाचा अभ्यास स्वतःच्या घरातच करावा, त्याला फी लागत नाही. समजा स्वयंपाकघर १२ फूट लांब आणि ९ फूट रुंद आहे. चारही भिंती मोजल्या, समोरासमोरच्या सारख्या भरल्या, म्हणून खोली चौरस झाली असे समजू नये. कर्ण मोजावेत. पाया आखताना गवंडी दोरीला ३, ४ आणि ५ अशा खुणा करून काटकोन धरतो, ते आपण पाहतोच. तोच हिशेब इथे आहे : ९ आणि १२ या बाजू असतील तर दोन्ही कर्ण बरोबर १५ फूट भरले पाहिजेत. एक १५ फूट १ इंच आणि दुसरा १४ फूट ११ इंच आला, तर खोली तिरपी आहे. इंचाचा फरक तो काय, असे कोणी म्हणेल. पण एवढ्या फरकात ९ फुटांची भिंत सुमारे सव्वा इंच कलते आणि दोन फूट रुंदीचे काटकोनात बनवलेले कपाट कोपऱ्यात लावले तर एका टोकाला दोन सुतांहून थोडी जास्त फट राहते. झुरळांना तेवढी जागा पुरे. मग तिथे पुट्टी भरा, पट्टी मारा, असे सुरू होते. जुन्या मातीच्या आणि दगडी घरांत तर फरक याहून मोठा निघतो.

लांबी-रुंदीनंतर खिडकीची जमिनीपासूनची उंची, तुळईचा खाली आलेला भाग, नळ, सांडपाण्याचे तोंड, विजेचे बोर्ड, दार कोणत्या बाजूला उघडते, हे सगळे लिहून घ्यावे. घरातल्या बाईची उंचीही घ्यावी, हे बहुतेक जण विसरतात. ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच करतात, पण उभ्याने भाकरी थापायची असेल तर तो कोपरापेक्षा चांगला चार-सहा इंच खाली हवा. सासू ठेंगणी आणि सून उंच असेल तर काय करायचे, हे कोणताही संगणक सांगत नाही. ते दोघींना विचारूनच ठरवावे लागते!

हा कच्चा नकाशा हाताने, चौकटीच्या वहीत काढता आला की मग संगणकासमोर बसावे. तिथे पहिली गोष्ट शिकायची ती ही, की सगळे खऱ्या मापात काढायचे. भिंत १२ फूट असेल तर पडद्यावर १२ फूटच लिहायची. लहान-मोठे करण्याचा हिशेब छापतानाचा आहे. रेघ माऊसने अंदाजे ओढायची नसते. दिशा दाखवून माप टंकायचे असते. रेघ सरळ राहावी म्हणून एफ-८ हे बटण आणि टोकाला टोक बरोबर जुळावे म्हणून एफ-३, या दोन बटणांची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. दोन रेघा डोळ्यांना जुळलेल्या दिसतात, पण आत केसाएवढी फट असते आणि पुढे क्षेत्रफळ काढताना सगळे अडते.

मापाच्या एककात फार जण फसतात. आपला सुतार फूट, इंच आणि सूत बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच. पाऊण इंची फळी म्हणजे सहा सूत. प्लायवूड आणि बिजागऱ्यांचे कारखाने मिलिमीटर लिहितात. एक फूट म्हणजे ३०४.८ मि.मी. काही ठिकाणी सोयीसाठी 'फूट म्हणजे ३००' असे शिकवतात. १२ फुटांच्या भिंतीत त्या सोयीने ५७.६ मि.मी. हरवतात, म्हणजे सव्वादोन इंच. तेवढ्यात कपाटाचा पल्ला उघडायचा राहतो. नकाशा कोणत्याही एका एककात काढा, पण पूर्ण त्यातच काढा आणि कागदावर ते ठळक लिहा.

आज्ञा म्हणाल तर शेकड्यांनी आहेत, पण रोजच्या कामाला पंधरा-वीस पुरतात. भिंतीची एक रेघ काढली की तिला समांतर ९ इंचांवर दुसरी काढणारी ऑफसेट, जादा टोक छाटणारी ट्रिम, एक पल्ला काढला की आरशातल्यासारखा दुसरा देणारी मिरर, आणि एकदा काढलेली खुर्ची पुन्हा पुन्हा ठेवता येणारा ब्लॉक. या सर्वांत लेयर नीट समजून घ्यावा. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद असे समजा. भिंती एका कागदावर, फर्निचर दुसऱ्यावर, विजेचे पॉइंट तिसऱ्यावर. वायरमनला द्यायचा नकाशा फर्निचरचा कागद मिटवून छापता येतो. पण आधी दोन्ही एकावर एक ठेवून पाहिले, तर फ्रिजचा सॉकेट कपाटाच्या मागे गेला आहे हे प्लॅस्टर होण्याआधीच दिसते. संगणकाचा खरा फायदा आम्हाला इथेच वाटतो.

आता पैशाचा हिशेब. प्लायवूडची शीट ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मि.मी. असते. ती लांबीत मधोमध कापली की दोन फुटांच्या दोन पट्ट्या मिळतील असे वाटते. पण करवतीचे पाते स्वतः सुमारे तीन मि.मी. भुसा करून खाते. दोन पूर्ण फुटांचे १२१९.२ मि.मी. होतात, त्यात पाते धरले की शीट पुरत नाही. म्हणून जाणता माणूस कपाटाच्या बाजूच्या फळ्या ६०० मि.मी.च्या धरतो आणि एका शीटमध्ये दोन्ही निघतात. नवख्याने पडद्यावर हौसेने सव्वादोन फूट काढले, तर एका शीटमधून एकच पट्टी निघते आणि उरलेली पावणेदोन फुटांची चिंधी माळ्यावर जाते. त्या फळ्यांना दुप्पट शीट लागल्या. सुतार बिचारा कागदावर लिहिले तेच कापतो. म्हणून कोणत्या शीटमधून कोणते तुकडे काढायचे, हा कापणीचा नकाशाही संगणकावर मांडायला शिकले पाहिजे. ज्या वर्गात हा भाग नाही, तिथे धंदा शिकवत नाहीत असे आम्ही म्हणू.

रंगीत चित्रांबद्दल दोन शब्द. 'स्केचअप'सारख्या साधनाने खोली पडद्यावर उभी करून दाखवता येते. घरमालकाला ते आवडते, आणि ते शिकावेही. पण त्या चित्रावरून सुताराला फळी कापता येत नाही. जाहिरातींत चित्रेच जास्त दिसतात, त्यामुळे पोरांचा ओढाही तिकडेच जातो. आधी मापाचे कागद पक्के व्हावेत, चित्र नंतर.

शिकायचे कुठे? दहावी झालेल्यांसाठी आय.टी.आय.मध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, आणि काही ठिकाणी इंटिरियर डिझाइन अँड डेकोरेशन हा एक वर्षाचाही आहे. सर्व आय.टी.आय.मध्ये हे दोन्ही मिळत नाहीत, तेव्हा प्रवेशाच्या वेळी चौकशी करावी. पाया म्हणून आम्हाला दोन वर्षांचा ट्रेड बरा वाटतो, कारण त्यात हाताने नकाशा काढून घेतात. खाजगी वर्गात जायचे तर फी भरण्यापूर्वी तिथल्या जुन्या विद्यार्थ्याने काढलेला एखाद्या खऱ्या खोलीचा संच बघायला मागावा. प्लॅन, चारही भिंती, एक छेद आणि कापणीचा कागद त्यात हवा. नुसती चित्रे दाखवली तर पुढच्या दारी जावे. शिकवणारा टेप हातात देऊन प्रत्यक्ष खोली मोजून घेतो का, हेही विचारावे. मुलगी असेल तर मोजमापाला साइटवर पाठवायचे कसे, म्हणून काही पालक मागे घेतात. आमच्या मते न मोजता नकाशा काढणारी मुलगी आणि न मोजता काढणारा मुलगा, दोघेही कच्चेच राहणार.

संगणकाची योजना विकत घेण्याची घाई नको. मान्य संस्थेत शिकणाऱ्यांना ऑटोकॅड शिक्षणापुरता विनामूल्य मिळतो. तो धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. 'लिब्रेकॅड' ही योजना सर्वांनाच मोफत आहे आणि रेघांच्या कामाला ती पुरते. चोरीची प्रत कोणी पेन ड्राइव्हमध्ये आणून देतो म्हणाला तर घेऊ नये. एक तर ती बेकायदेशीर, आणि तिच्याबरोबर संगणकात काय शिरेल याचा भरवसा नाही. मोबाइलवर नकाशा पाहता येतो, पण शिकायला माऊस आणि मोठा पडदाच हवा.

आणखी एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी. हा अभ्यास करून पोरगा आर्किटेक्ट होत नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ते नाव नोंदणी झालेल्यांनाच लावता येते. सुरुवात बहुधा एखाद्या आर्किटेक्टच्या किंवा फर्निचरवाल्याच्या हाताखाली दुसऱ्याचे नकाशे स्वच्छ करून देण्याने होते. रोज दोन तास नेमाने बसणाऱ्याला तीन-चार महिन्यांत सुताराला वाचता येईल असा कागद काढता यावा, असा आमचा अंदाज आहे. खोलीकडे बघून काय कुठे बसेल हे सांगता यायला मात्र वर्षे लागतात.

छपाईबद्दल थोडे सांगून थांबतो. १२ बाय ९ ची खोली १:२० या प्रमाणात छापली तर लांबी सुमारे १८३ मि.मी. येते, म्हणजे ए-४ कागदावरही बसते. चार भिंती आणि प्लॅन एकत्र घ्यायचा तर मोठा कागद घ्यावा. झेरॉक्सच्या दुकानात 'पानात बसवून देतो' म्हणतात, तसे करू देऊ नये, कारण त्याने प्रमाण बिघडते. छापून आल्यावर एक ओळखीचे माप पट्टीने तपासावे. आणि सुताराला सांगून ठेवावे, की कागदावर पट्टी लावून माप काढायचे नाही, आकड्यात लिहिलेले माप धरायचे. जिथे आकडा नाही तिथे फोन करायचा.