जाहिरातीतला शब्द बिलात आणा
(वाचकांचे प्रश्न : पैसा आणि ग्राहक कायदा)

प्रश्न : मी यंदाच शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. मिरजेत घर आहे. हॉल दहा बाय बारा, सोफ्यापासून समोरची भिंत आठ फुटांवर. मुलगा म्हणतो, टीव्ही कशाला, दहा हजारांत ४के प्रोजेक्टर येतो, भिंतीवर शंभर इंची चित्र दिसेल. दुकानदाराने ५५ इंची टीव्ही दाखवला : रोखीने ४२ हजार, नाहीतर ४५ हजार नऊ हप्त्यांत, ‘नो कॉस्ट ईएमआय’वर. दुपारी मालिका, संध्याकाळी बातम्या आणि क्रिकेट, एवढंच आमचं पाहणं. काय घ्यावं आणि पैसे कसे द्यावेत?
— एक वाचक, मिरज

उत्तर : टीव्ही घ्या, आणि पैसे हाताशी असतील तर रोखीने घ्या.

आधी प्रोजेक्टरचं बघू. प्रोजेक्टर वाईट वस्तू नाही. खोलीत पूर्ण अंधार करता येत असेल आणि रात्री निवांत चित्रपट पाहायचे असतील, तर चांगल्या प्रोजेक्टरचं सुख वेगळंच. पण तुमचं पाहणं दुपारचं आहे. भिंतीवर काळा रंग प्रोजेक्टर टाकू शकत नाही. जिथे प्रकाश पडत नाही तिथे काळं दिसतं. ट्यूबलाइट चालू असेल किंवा खिडकीतून ऊन येत असेल, तर काळ्याचं राखाडी होतं आणि सगळं चित्र विरतं. दीड वाजता सुरू होणारा एकदिवसीय सामना पडदे ओढून, घर अंधारात ठेवून बघणार का?

आता दहा हजारांच्या हिशोबाकडे वळू. या किमतीच्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘९००० ल्युमेन्स’ असा आकडा ठळक छापलेला असतो. तो बहुतेक वेळा आतल्या दिव्याचा असतो, भिंतीवर पोचणाऱ्या प्रकाशाचा नव्हे. तुमच्या कामाचा आकडा ‘आन्सी ल्युमेन्स’चा. पांढऱ्या चित्राचे नऊ भाग करून प्रत्येक भागावर पडलेला प्रकाश मोजतात आणि त्याच्या सरासरीवरून हा आकडा काढतात. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये तो दोन-तीनशे निघतो, काही वेळा छापलेलाच नसतो. डिजिटल सिनेमाच्या प्रमाणानुसार चित्रपटगृहाच्या पडद्यावरचा पांढरा भाग ४८ निट्स उजळ असावा लागतो. साध्या पांढऱ्या शंभर इंची पडद्यावर तेवढा उजेड पडायला चारशेच्या वर आन्सी ल्युमेन्स लागतात, आणि तेही मिट्ट काळोखात. हॉलमध्ये दिवे लावून बघायचं तर दोन हजार आन्सी ल्युमेन्सच्या पुढचा प्रोजेक्टर हवा. तो दहा हजारांत येत नाही. शिवाय पडदा, जाड पडद्यांचं कापड, वेगळा स्पीकर आणि बऱ्याचदा ओटीटीसाठी एक स्टिक, हे सगळं वरून. मुलाला ही बेरीज कागदावर मांडून दाखवा.

टीव्हीचा आकार तुमच्या दुकानदाराने बरोबर सुचवला आहे. पडद्याच्या कर्णाच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतरावर बसलं की चित्र भरपूर मोठं वाटतं आणि डोळ्यांना त्रासही होत नाही. ५५ इंचांना हे अंतर सात ते आठ फूट येतं. ४३ इंची घेतलात तर आठ फुटांवरून तो लहान वाटेल.

४केच्या नावाने मात्र जादा पैसे मोजू नका. फुल एचडीत १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, ४केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे चौपट. पण आठ फुटांवरून ५५ इंची पडद्यावर साधारण नजरेला फुल एचडीचेही ठिपके वेगळे दिसत नाहीत. या आकारात हल्ली बहुतेक टीव्ही ४केच येतात, तेव्हा तो आपोआप मिळेलच. त्यावरून दोन मॉडेलांत निवड करू नका. खरा फरक तुमच्या सेट-टॉप बॉक्समुळे पडेल. बॉक्स आणि पॅक एसडी असेल, तर महागडा पडदाही मालिका धूसरच दाखवेल. आधी केबलवाल्याकडून एचडी बॉक्स आणि तुमच्या वाहिन्यांचा एचडी पॅक करून घ्या. ‘क्यूएलईडी’ हा शब्द ऐकून ओएलईडी समजू नका. क्यूएलईडीत मागून उजेड देणारा एलसीडी पडदाच असतो, फक्त रंग अधिक चांगले येतात.

हप्त्यांचं गणित नीट करू या, कारण फसगत इथे जास्त होते. रोखीने ४२ हजार आणि हप्त्यांत ४५ हजार. म्हणजे रोखीवर मिळणारी तीन हजारांची सूट हप्तेवाल्याला नाही. शिवाय अशा योजनांत प्रोसेसिंग फी असते. ती ९९९ रुपये धरली, तर १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे १,१७९ रुपये सुरुवातीलाच द्यावे लागतील. ४२ हजारांच्या वस्तूला तुम्ही ४६,१७९ रुपये देणार. ४,१७९ रुपये जादा, तेही नऊ महिन्यांत, आणि मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना! व्याजाच्या भाषेत हा दर महिन्याला दोन टक्के पडतो, वर्षाला साधारण चोवीस. याला बिनव्याजी म्हणणं मला सरळ चुकीचं वाटतं. ग्राहकोपयोगी वस्तूंवर ‘शून्य टक्के व्याज’ असं काही नसतं, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. त्यानंतर नाव बदलून ‘नो कॉस्ट’ झालं.

पैसे एकदम काढणं शक्यच नसेल, तर निदान दोन गोष्टी करा. कर्ज बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं असेल, तर सहीपूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जांना ते बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर किती पडतो ते एका आकड्यात लिहिलेलं असतं, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. मराठीत मागा. त्यात न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांना मात्र हे संरक्षण नाही. तिथे हप्त्यातल्या व्याजाच्या भागावरही जीएसटी लागतो आणि तो पुढच्या बिलांत थोडा थोडा येत राहतो.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. प्रोजेक्टरचाही तसाच उतरला. कराआधी ३५ हजारांचा टीव्ही आधी ४४,८०० ला पडत होता, तो आता ४१,३०० ला पडायला हवा. जुनी किंमत खोडून ‘भव्य सूट’ लिहिली असेल, तर त्यातला कर कमी झाल्याचा वाटा किती आणि दुकानदाराच्या खिशातला किती, हे विचारा.

टीव्ही घरी आला की मागच्या लेबलवर ‘आर’ने सुरू होणारा भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहा. बिलावर संपूर्ण मॉडेल क्रमांक आणि सिरियल नंबर लिहून घ्या. एकाच मालिकेच्या नावाखाली वेगवेगळे पॅनेल विकले जातात, म्हणून नुसतं ‘५५ इंची स्मार्ट टीव्ही’ हे बिलावर पुरेसं नाही.

प्रश्न : मी ऑनलाइन १४,९९० रुपयांचा प्रोजेक्टर घेतला. जाहिरातीत ‘नेटिव्ह फुल एचडी, ४के सपोर्ट’ असं होतं. चित्र धूसर दिसतं. विक्रेता म्हणतो, वस्तू चालू आहे, फक्त बदलून मिळेल, पैसे परत नाहीत. आणि आता परतीची मुदतही संपली. काही करता येईल का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : येईल, पण आधी पुरावा गोळा करा.

‘४के सपोर्ट’ याचा अर्थ यंत्र ४केचा सिग्नल आत घेतं, एवढाच. भिंतीवर ते स्वतःच्या मूळ ठिपक्यांइतकंच दाखवतं. फक्त हे दोनच शब्द असते आणि खाली १२८० गुणिले ७२० असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तर तुमची बाजू लंगडी पडली असती. तुमच्या जाहिरातीत ‘नेटिव्ह फुल एचडी’ म्हटलं आहे. तो दावा तपासता येतो.

घरच्या घरी असं करा. लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडा, रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० ठेवा, कीस्टोन म्हणजे तिरपेपणाची दुरुस्ती शून्यावर आणा आणि प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ ठेवा. मग मराठीतला बारीक मजकूर उघडा. खरा फुल एचडी असेल तर नेमका फोकस केल्यावर पडद्याच्या मध्यभागी अनुस्वार आणि वेलांट्या वेगळ्या वाचता येतात. ७२०चा असेल तर मात्रा एकमेकींत मिसळतात, जोडाक्षरांचे पाय पुसट होतात, आणि फोकस कितीही फिरवला तरी सुटत नाहीत. याचा सलग व्हिडिओ घ्या, त्यात मागचं लेबलही येऊ द्या. यंत्र मात्र उघडू नका. गरज पडल्यास ग्राहक आयोग ते प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि तेव्हा ते जसंच्या तसं असायला हवं. जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढा. तक्रार गेली की असं पान रातोरात बदलतं.

आता कायदा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल, किंवा तिच्यात जाहिरातीत सांगितलेले गुण नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. ‘फक्त बदलून मिळेल’ हे त्याचं धोरण आहे, आणि नियमापुढे धोरण टिकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, कारण मोठ्या कंपन्या या यंत्रणेला उत्तरं देतात.

नाही मिटलं तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. विक्रेता दिल्लीचा असला तरी चालतं, कारण २०१९च्या कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे दाद मागण्याची मुभा दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. परतीची मुदत संपली म्हणून तुमचा हक्क संपला, असं विक्रेत्याने सांगितलं तरी ऐकू नका. पैसे परत, त्यावर व्याज आणि झालेल्या त्रासाची भरपाई, तिन्ही मागा. भरपाईचा आकडा मात्र वाजवी ठेवा. पंधरा हजारांच्या वस्तूसाठी पाच लाख मागणाऱ्याच्या तक्रारीतलं खरंही झाकोळतं.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही करता येते. प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. मोठ्या अक्षरातल्या दाव्याला बारीक अक्षरातल्या तळटीपेने उलटवता येणार नाही, असं त्यांच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमचे पैसे यातून मिळणार नाहीत, पण पुढचा गिऱ्हाईक वाचेल, म्हणून हेही करा. मला असल्या दाव्यांची चीड येते ती याचसाठी, की पहिल्यांदा प्रोजेक्टर घेणाऱ्याला ठिपक्यांचा हिशोब माहीत नसतो आणि विकणाऱ्याला तो पुरता माहीत असतो.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, पक्कं बिल हवं तर १८ टक्के जादा, साध्या चिठ्ठीवर टीव्ही स्वस्तात देतो. वॉरंटी कार्डावर शिक्का मारून देईन म्हणतो. घ्यावा का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घेऊ नका.

एमआरपी सर्व करांसह असते. कर मिळवून होणारी रक्कम एमआरपीच्या आत असायलाच हवी; वर गेली तर ते बेकायदा आहे. मागूनही बिल न देणं ही २०१९च्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. शिक्का मारलेलं कार्ड कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सहसा चालत नाही. तिथे बिलावरची तारीख आणि सिरियल नंबर पाहतात. आठव्या महिन्यात पडद्यावर उभी रेघ आली आणि हातात नुसती चिठ्ठी असली, तर कंपनी हात वर करेल आणि दुकानदारही. पॅनेल बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातो.

त्याच दुकानात जायचं असेल तर त्याला इतकंच सांगा : करासकट एकच भाव बोला आणि त्याच भावाचं, मॉडेल आणि सिरियल नंबर घातलेलं पक्कं बिल द्या. तयार नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.