पाणी-जमिनीच्या काचपेटीत माती कोणती घालावी?



दुकानाच्या दर्शनी भागात माशांची पेटी ठेवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. त्यातलाच पुढचा प्रकार म्हणजे पॅलुडेरियम. एकाच काचपेटीत एका बाजूला पाणी आणि मासे, दुसऱ्या बाजूला ओली जमीन आणि झाडे. काचकाम करणाऱ्यांना यात चांगली मजुरी आहे. पण पेटी कितीही सुबक असली, तरी आतली माती चुकली की मासे मरतात आणि गिऱ्हाईक तुटते.

माझा धंदा कापडाचा. पेणच्या दुकानात मी अशी पेटी मांडली आणि कुंडीसाठी मिळणारी तयार मातीची पिशवी तिच्यात रिकामी केली. तिसऱ्या दिवशी आठही गप्पी मासे उलटे तरंगत होते. त्या मातीत शेणखत आणि रासायनिक खत होते. खतातून पाण्यात अमोनिया उतरतो आणि माशांचे कल्ले जाळतो. माल न तपासता घेतला, ही चूक माझी. त्यातून जे शिकलो ते येथे देतो.

१) पाण्याच्या भागात माती नको. धुतलेली जाड वाळू घ्यावी, दाणा १ ते ३ मिलिमीटर. थर ५ सेंटिमीटर पुरे. बारीक वाळूचा जाड थर खालून काळा पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.

२) वाळू कुठली आहे ते विचारावे. पेणची भोगावती धरमतरच्या खाडीला मिळते. खाडीची वाळू आणि खारभूमीची माती खारट असते, गोड्या पाण्यातील माशांना चालत नाही. रोह्याकडे कुंडलिकेची वाळू मिळाली तरी भरतीचे पाणी पोचते त्याच्या वरच्या अंगाची असावी.

३) सिरक्याची परीक्षा करावी. वाळू किंवा खडीवर थोडा सिरका टाकावा. फेस आला तर त्यात चुना, शिंपले किंवा संगमरवर आहे. त्याने पाणी जड होते. मूर्तीकामाचे प्लास्टर ऑफ पॅरिस तर पेटीजवळही आणू नये. शाडू पाण्यात विरघळून गढूळ करतो.

४) जमिनीच्या भागात खाली विटेचे किंवा जांभ्याचे तुकडे, वर नारळाच्या काथ्याचा भुसा आणि थोडी वाळू घालावी. भुशात मीठ असू शकते, म्हणून तीन वेळा पाणी बदलून भिजवावा आणि पिळावा. पाण्याला चहासारखा रंग आला तर घाबरू नये, मासे त्याने मरत नाहीत. ब्राह्मी आणि वेखंड यात चांगले लागतात.

५) तुकडे आणि भुसा यांच्यामध्ये कापड हवे. सुती कापड कुजते. पांढरी नायलॉनची जाळी घ्यावी. रंगीत कापड असेल तर गरम पाण्यात भिजवून पाहावे, रंग सुटला तर परत करावे.

६) काच जोडताना बुरशीनाशक घातलेले सिलिकॉन वापरू नये. तेही माशांना विष आहे.

शेवटी बादलीची परीक्षा. ठरवलेला सगळा माल बादलीत पाण्यासह ७ दिवस ठेवावा. वास किंवा फेस आला तर टाकून द्यावा. माशांच्या दुकानात अमोनिया तपासण्याची बाटली मिळते, तिच्यात शून्य दिसले पाहिजे. पेटी भरल्यावरही पहिले ४ ते ६ आठवडे दोन-तीनच मासे सोडावेत आणि तपासणी चालू ठेवावी. घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

वजनाचा हिशोबही करावा. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या पेटीत ५ सेंटिमीटर वाळू म्हणजे ९ लिटर, सुमारे १५ किलो. पाणी आणि काच वेगळी. मेज तेवढे मजबूत हवे.

पेटी विकताना ही तपासणी आपण स्वतः केली, असे गिऱ्हाइकाला सांगता आले पाहिजे. सात दिवसांचा उशीर परवडतो, मेलेल्या माशांची तक्रार परवडत नाही.