खाट नंबर बघून औषध देऊ नका

मे महिन्यात खानदेशात पारा ४५ च्या आसपास गेला की वॉर्डातला खाट नंबर फक्त रजिस्टरपुरता उरतो. डोक्यावरचा पंखा बंद असलेला पेशंट पंख्याखालची खाट कधी रिकामी होते याची वाटच बघत असतो. झाली, की नातेवाईक गाठोडं, डबा, पाण्याची बाटली उचलून तिकडे मुक्काम हलवतात. हे सिस्टरला सांगायला हवं, असं कुणाच्या मनातही येत नाही. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांत मी नोकरी केली, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. औषधाच्या चुका होतात कशा, असं नव्या सिस्टर विचारतात तेव्हा मी या पंख्यापासूनच सुरुवात करते.

मी स्टाफ नर्स असताना आमच्या स्त्री मेडिकल वॉर्डात एकाच नावाच्या दोन पाटीलबाई होत्या. त्यात नवल नाही. पाटील, चौधरी, महाजन, पवार एवढी चार आडनावं घेतली की आपल्याकडचा अर्धा वॉर्ड होतो. एक बाई मधुमेहाच्या, दुसऱ्या तापाच्या. दुपारच्या जेवणाआधी ड्युटीवरच्या सिस्टरने नेहमीप्रमाणे टेबलावरच सगळी इंजेक्शनं भरली, प्रत्येक सिरिंजला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर खाट नंबर टाकला आणि ट्रे घेऊन ती निघाली. मधल्या वेळात मधुमेहाच्या बाई दाराजवळच्या खाटेवर गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी, पंख्याखाली, तापाच्या बाई येऊन झोपल्या होत्या. सिस्टरने विचारलं, "पाटीलबाई ना?" बाई म्हणाल्या, "हो." नाव जुळलं, खाटही जुळली. इन्सुलिन पोटात गेलं.

मी टेबलाशी केस पेपर लिहीत बसले होते. थोड्या वेळाने त्यांची सून आली आणि दबकतच म्हणाली, "सिस्टर, मनी सासूले ते साखर नही शे, मंग पोटमा सुई कसाले दिनी?" मी उठून गेले तोवर बाईंना दरदरून घाम सुटला होता, बोलणं तुटक झालं होतं. ग्लुकोमीटरवर साखर चाळिशीच्या घरात. डॉक्टरांना बोलावलं, २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून दिलं आणि इन्सुलिनचा अंमल कित्येक तास टिकतो म्हणून रात्रीपर्यंत पुन्हा पुन्हा साखर तपासत राहिलो. बाई वाचल्या. त्या सुनेने विचारायचं धाडस केलं नसतं तर आम्ही त्यांना दुपारची झोप लागली असंच समजलो असतो.

त्या सिस्टरला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि तिचा वॉर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच ट्रे, त्याच चिकटपट्ट्या आणि त्यावर तेच खाट नंबर. मला राग आला तो याचा. ती मुलगी निष्काळजी नव्हती. तिच्या जागी आमच्यापैकी कोणीही असती तरी त्या दुपारी हेच घडलं असतं, कारण पद्धतच तशी होती.

पुढे इन्चार्ज झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही, की खाट नंबरवर औषध देणं बंद. पेशंटला त्याचं नाव आपण सांगायचं नाही, त्याच्याकडून ऐकायचं. "तुम्ही अमक्या ना?" या प्रश्नाला आजारी माणूस, कमी ऐकू येणारा म्हातारा आणि सातपुड्यातून आलेला, मराठी नीट न कळणारा पावरा भाऊ, सगळे "हो" म्हणतात. "तुमनं नाव काय शे? गाव कोणतं?" असं विचारलं की खरं उत्तर येतं. गाव विचारायची सवय आपल्या भागात फार उपयोगी पडते. एकाच नावाच्या दोन बाया सापडतील, पण त्यांचं गावही एकच असं क्वचित होतं. मग केस पेपरवरचा नोंदणी क्रमांक ताडून बघायचा. पेशंट बेशुद्ध असेल तर नातेवाइकाला विचारायचं आणि मनगटावरची पट्टी बघायची. इंजेक्शन भरायचं ते त्या एका पेशंटचं, त्याच्या केस पेपरसमोर, आणि भरलं की लगेच द्यायचं.

चूक एकट्या माणसाची नसते हे पटत नसेल तर यवतमाळची गोष्ट आठवा. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीत पल्स पोलिओच्या दिवशी १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं बचावली, संबंधितांवर कारवाईही झाली. पण कोरोनाच्या त्या दिवसांत सॅनिटायझरची बाटली प्रत्येक टेबलावर होती. तोंडात द्यायचं औषध आणि हाताला लावायचं द्रव्य एका टेबलावर शेजारी शेजारी असू नये, एवढं आधी ठरलं असतं तर?

म्हणून तुमच्या वॉर्डातलं कपाट आणि ट्रे एकदा शंका घेऊन तपासा. पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल डिस्टिल्ड वॉटर आणि सोडाबायकार्बच्या अँप्युलशेजारी पडलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. १५ टक्क्यांच्या त्या १० मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सलाईनमध्ये मिसळून सावकाश सोडलं तर ते औषध आहे, सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. असे तीव्र क्षार वेगळे आणि नियंत्रणात ठेवावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितलं आहे. ट्रेमधून ते आजच काढा, कुलपात ठेवा, वर लाल अक्षरात लिहा. प्रसूती कक्षात आईचं मेथर्जिन आणि बाळाचं व्हिटॅमिन के एका ट्रेमध्ये नको; बाळाला मेथर्जिन गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. सिझेरियनच्या वेळी ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडही भुलीच्या ब्युपिव्हकेनपासून दूर ठेवा. ते चुकून पाठीच्या कण्यात दिलं जाऊन जीव गेले, म्हणून २०२२ मध्ये त्याबद्दल खास इशारा निघाला.

इन्सुलिनबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात येणारी वायल बहुधा एका मिलीत ४० युनिटची असते. तिची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. १०० ची वायल लाल टोपणाच्या सिरिंजने भरली तर पेशंटला अडीचपट डोस जातो. ४० ची वायल केशरी टोपणाने भरली तर निम्म्याहूनही कमी जातो, आणि मग साखर उतरत नाही म्हणून डोस वाढवत बसतात. वायलवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दोन्ही मोठ्याने म्हणा, शेजारच्या सिस्टरला ऐकू जाईल असं. कागदावर युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहू नका. घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि चाराचे चाळीस होतात.

रात्री फोनवर आलेली ऑर्डर लिहून घ्या आणि डॉक्टरांना परत वाचून दाखवा. फिफ्टीन की फिफ्टी अशी शंका नको, एक-पाच की पाच-शून्य असं विचारा. अक्षर लागत नसेल तर अंदाज करायचा नाही. औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच नियमात घातलं आहे, त्यामुळे विचारण्यात उद्धटपणा नाही.

कामाचा बोजा हे खरं दुखणं आहे आणि ते मी लपवणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतरत्र पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे. नाईटला तीस-चाळीस पेशंट एकटीने सांभाळलेल्या बाईला हा आकडा वाचून काय वाटत असेल ते तुम्हीच जाणता. भरती हा शासनाचा प्रश्न, तो मागत राहायलाच हवा. पण औषध भरताना सिस्टरला हाक मारू नये, फोन दुसऱ्याने घ्यावा, एवढी शिस्त इन्चार्ज आणि मावशी मिळून उद्यापासून लावू शकतात.

आणि चूक झाली, किंवा होता होता राहिली, तर दडवू नका. आधी पेशंट, मग डॉक्टर, मग नोंद. अधिसेविकांना माझी हात जोडून विनंती आहे की नोटीस काढण्याआधी तो ट्रे स्वतः जाऊन बघा. औषधाने कुणाला अपाय झाला तर भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाला कळवता येतं. त्यांचा १८००-१८०-३०२४ हा नंबर टोल फ्री आहे, आणि डॉक्टरांसारखाच तो परिचारिकेलाही लावता येतो आणि पेशंटच्या सुनेलाही.