चव्हाट्यावरची शिक्षा



दादर स्टेशनच्या पुलावर एखादा पाकीटमार सापडला की काय होते, हे आपण पाहिले आहे. चार हात पडतात आणि दहा मोबाईल वर होतात. चोरी अजून सिद्ध व्हायची असते, अब्रू मात्र गेलेली असते.

अब्रू घेणे हीच शिक्षा, ही रीत जुनी आहे. आपल्याकडे गुन्हेगाराची गाढवावरून धिंड काढत. इंग्लंडमध्ये त्याची मान व हात लाकडी खोड्यात अडकवून त्याला भर बाजारात उभे करीत. लोक चिखल फेकत, कधी दगडही. काहींचा त्यात जीव गेला. शिक्षा न्यायाधीश देई, पण ती किती कडक हे गर्दी ठरवी. १८३७ साली तेथे ही शिक्षा बंद झाली.

गोव्यात असेच आपल्या ख्रिस्तसभेच्या नावाने घडले, हे आपण लपवू नये. तेथे १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. मधली काही वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत चालले. चार्ल्स देलाँ या फ्रेंच डॉक्टरला १६७३ साली दमणला पकडून पुढे गोव्यात डांबले. तो कॅथलिकच होता. १२ जानेवारी १६७६ रोजी त्याला इतर कैद्यांबरोबर शिक्षेचे झगे घालून, अनवाणी, संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चपर्यंत लोकांसमोरून चालवत नेले. आरोप कोणी केला हे आरोपीला सांगत नसत. आरोप करणारा अंधारात, आरोपी उजेडात! आज नाव न घालता व्हिडिओ पुढे पाठवणारे आपण यापेक्षा किती वेगळे आहोत?

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाने झालेल्या अशा जबरदस्तीबद्दल जाहीर क्षमायाचना केली. त्यांनी चव्हाट्यावर मांडली ती आपली चूक, दुसऱ्याची नव्हे.

प्रभूची शिकवण स्पष्ट आहे. भाऊ चुकला तर आधी त्याला एकांतात सांगा (मत्तय १८). व्यभिचारात धरलेल्या स्त्रीशी येशू बोलला तो गर्दी पांगल्यावर. तिचे पाप त्याने नाकारले नाही, पण तिला परतीची वाट दिली (योहान ८). म्हणूनच पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कधीही उघड करीत नाहीत.

याचा अर्थ गुन्हा झाकावा असा नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय मिळालाच पाहिजे. पण तो पोलीस आणि न्यायालयाकडून, मिस्सानंतरच्या कुजबुजीतून नव्हे.

या आठवड्यात घरी विचार करू या:

१. कोणाची बेअब्रू करणारा मजकूर आम्ही पुढे पाठवला का?

२. आमच्या बोलण्यामुळे कोणी चर्चला येणे सोडले आहे का? त्यांच्या दारी आधी कोण जाणार?