लकी बांबूचे संगोपन आणि डासांचे नियंत्रण

घराच्या दिवाणखान्यात, कार्यालयात किंवा दुकानाच्या गल्ल्याजवळ काचेच्या भांड्यातील लकी बांबू आज सर्रास दिसतो. नावात बांबू असला तरी ही वनस्पती गवतकुळातील नाही. ड्रासीना सँडेरियाना हे तिचे शास्त्रीय नाव असून ती शतावरीच्या कुळातील, मूळची मध्य आफ्रिकेतील आहे. मातीविना, केवळ पाण्यात ती दीर्घकाळ जगते. मात्र तेच पाणी डेंग्यू व चिकुनगुन्याचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाच्या पैदाशीलाही पुरेसे असते.

वाढीसाठी आवश्यक बाबी

• प्रकाश : भरपूर, पण थेट ऊन नसावे. उन्हाने पाने करपतात.
• पाणी : मुळे बुडतील इतकेच ठेवावे. पाण्यातील फ्लोराइडमुळे पानांची टोके तपकिरी पडतात. नळाचे पाणी रात्रभर ठेवल्यास क्लोरीन कमी होते, फ्लोराइड मात्र जात नाही. अशा ठिकाणी पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरावे.
• भांडे : अपारदर्शक भांड्यात शेवाळ कमी धरते.
• खोड : पिवळे पडून मऊ झालेले खोड लगेच काढून टाकावे, अन्यथा पाणी नासते.

डासाची अंडी कोठे असतात?

पाणी नियमित बदलूनही डास का होतात, असा प्रश्न अनेकजण विचारतात. एडिसची मादी अंडी पाण्यात न सोडता पाण्याच्या पातळीलगत, भांड्याच्या ओलसर आतील बाजूस एकेक सुटी चिकटवते. काळी, एक मिलिमीटरहून लहान असलेली ही अंडी सहजी दिसत नाहीत. भांडे नुसते उपडे केल्याने ती निघत नाहीत आणि कोरडी राहूनही अनेक महिने जिवंत राहू शकतात. पाणी आटले की वरून थोडे घालण्याची आपली सवय येथेच घातक ठरते. कारण पातळी वाढून अंड्यांना पाणी लागते आणि अळ्या बाहेर पडतात. उष्ण हवामानात अंडे, अळी, कोष व प्रौढ डास हा क्रम साधारणतः ७ ते १० दिवसांत पूर्ण होतो.

या वनस्पतीच्या व्यापारातूनही डास दूरवर पोहोचले आहेत. २००१ मध्ये दक्षिण चीनमधून अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे आलेल्या लकी बांबूच्या कंटेनरमध्ये एडिस अल्बोपिक्टस हा डास आढळला होता.

आठवड्याचा कोरडा दिवस

१. ठरलेल्या वारी रोप बाहेर काढून मुळे व खोडाचा खालचा भाग वाहत्या पाण्यात धुवावा.
२. भांड्याची आतील बाजू, विशेषतः पाण्याच्या रेषेलगतचा पट्टा, घासणीने घासून काढावा.
३. शोभेचे गोटे एकमेकांवर चोळून धुवावेत. गोट्यांमधील फटीतही अळ्या वाढतात.
४. जुने पाणी गटारात न टाकता कोरड्या जमिनीवर ओतावे, म्हणजे अळ्या मरतात.
५. भांडे पुसून कोरडे करावे व नंतरच ताजे पाणी भरावे.

नवीन रोप विकत आणल्यावरही हीच स्वच्छता प्रथम करावी. भांड्यात कीटकनाशक टाकू नये. आठवड्याहून अधिक काळ घर बंद राहणार असल्यास रोप ओलसर मातीच्या कुंडीत लावावे व कुंडीखालील ताटली काढून ठेवावी. लकी बांबू मातीतही उत्तम वाढतो; एडिसच्या अळीला मात्र साचलेल्या पाण्यावाचून जगता येत नाही.