गळ, मुळे आणि थोडा आवर

सिंधुदुर्गातल्या खाड्यांवर मी हौसेने गळ टाकतो. घर त्यावर चालत नाही. हे आधी सांगितलं, कारण पुढचं बरंचसं त्यावरूनच ठरतं.

1. तिथी पाहून निघा. मोबाइलवर वेळापत्रक मिळतं, तरी जुना हिशेब पाठ असावा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला साधारण सहाला भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत लांब ओसरतं आणि ती ओहोटी पहाटे नि संध्याकाळी लागते. मुळे (खाडीतल्या शिंपल्या) नि कालवं काढायची ती तेव्हाच. मासा मात्र पाणी चढू लागलं की गळाकडे वळतो.

2. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, पण ती यांत्रिक नौकांना. खडकावर बसलेल्या हौशी माणसाला कुणी हटकत नाही. पावसाच्या नव्या पाण्यात कितीतरी मासे अंड्यावर असतात, म्हणून माझा गळ नारळी पौर्णिमेपर्यंत खुंटीवर. घरचे कुरकुरतात. सुकट आहेच की!

3. पिशवीत मोजपट्टी ठेवा. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवला. त्याच वर्षी राज्यमासा झालेल्या पापलेटाला तो 135 मिलिमीटर आहे. पण खाडीत मला याहून महत्त्वाची वाटते ती वरची मर्यादा. चोणक घ्या, रायगडकरांचा जिताडा. हा मासा सुरुवातीची काही वर्षं नर असतो आणि वाढला की मादी होतो. म्हणजे फोटोसाठी दोन्ही हातांनी उचलून धरलेलं ते धूड बहुधा अंडी घालणारी मादी असते. लहान सोडलं नि मोठं नेलं, तर नर उरतात आणि माद्या जातात. मधला एखादा जेवणापुरता न्यावा, मोठीला सोडावं. सोडायची तर ओल्या हाताने, कल्ल्यांत बोटं न घालता, डोकं पाण्यात धरून. ती स्वतः शेपूट मारेपर्यंत हात काढू नये. वाळूवर लोळवून, दहा फोटो काढून मग सोडलेला मासा जगेलच असं नाही.

4. कुर्ली उलटी करून पाहा. पोटाखालची झडप रुंद असेल तर मादी. तिथे अंड्यांचा गोळा दिसला तर तिला आल्या वाटेने जाऊ द्या.

5. कालवांच्या खडकावर पहिला हक्क बायकांचा. त्या कोयत्याने वरची शिंप उडवून गर काढतात, खालची खडकालाच राहू देतात. पिल्लं तिच्यावर येऊन चिकटतात. पर्यटक हौशीने अख्खी ढेपच फोडून नेतो, तेव्हा पुढची कालवं बसायची जागाच जाते. त्या काढत असतील तिथे मी हात घालत नाही. त्यांच्याकडून विकत घेतो. स्वस्तच पडतात.

6. तुटलेला तंगूस खिशात घाला. कांदळवनात अडकला तर पाखरांचे पाय गुंततात.

7. गटार मिळतं तिथले मुळे नकोत. ते पाणी गाळून जगतात, त्यातली घाणही पोटात घेतात. चांगल्या जागेचे असले तरी काही तास मिठाच्या पाण्यात ठेवा, रेती टाकतील. उकडल्यावर न उघडलेला फेकून द्या.