बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

शास्त्रवाचन : उत्पत्ति १३:१-१८, गणना १३:१७-२०, २ राजे २:१९-२२, यिर्मया २९:४-७

मध्यवर्ती विचार : नव्या गावाची नीट चौकशी करणे हा अविश्वास नव्हे. एकच गोष्ट पाहून निघणे हा मात्र धोका आहे.

प्रस्तावना

परीक्षा संपून शाळांना सुट्टी लागली की आपल्या मंडळ्यांतून बदलीपत्रे मागितली जाऊ लागतात. कोणाची बदली होते, कोणाला दुसरीकडे नोकरी मिळते, कोणी निवृत्त होऊन मुलाकडे राहायला जातात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचे वाडवडील असेच कधीतरी ट्रंक आणि वळकटी घेऊन त्या गावी उतरले होते. तेव्हा स्थलांतर आपल्याला नवे नाही.

तरीही निघण्याच्या वेळी आपल्यात दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणतात, “प्रार्थना केली आहे, आता अधिक विचारपूस कशाला? प्रभू सांभाळील.” दुसरे फक्त पगाराचा आकडा पाहतात. वरवर पाहता पहिले भाविक आणि दुसरे व्यवहारी वाटतात, पण ज्या गावात आपली लेकरे वाढायची ते गाव दोघेही पाहत नाहीत. पवित्र शास्त्र याविषयी काय शिकवते ते आपण पाहू या.

१. लोटाने काय पाहिले व काय पाहिले नाही

अब्राम व लोट यांची गुरेढोरे वाढली, गुराख्यांत भांडणे होऊ लागली आणि अब्रामाने निवड पुतण्यावर सोपवली. लोटाने नजर वर करून यार्देनेचे खोरे पाहिले. तिथे पाणी मुबलक होते आणि गुरे पाळणाऱ्याने आधी पाणी पाहावे हे योग्यच होय. त्याचा दोष पाहण्यात नव्हता, तेवढेच पाहून थांबण्यात होता. तेथील लोक कसे आहेत, हे त्याने विचारल्याचे शास्त्रात कोठेही नाही. शास्त्रलेखक मात्र पुढच्याच ओळींत ते सांगतो.

पुढची पावले ध्यानात घ्या. तेराव्या अध्यायात त्याचा तंबू सदोमाच्या बाजूला सरकतो, चौदाव्यात तो सदोमातच राहत असतो आणि एकोणिसाव्यात तो सदोमाच्या वेशीत बसलेला आढळतो. त्याने एकदाच “मी सदोमकर होईन” असे ठरवले नव्हते. मनुष्य गाव निवडतो आणि मग ते गाव हळूहळू त्याच्या घरात शिरते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (२:७-८) लोटाला नीतिमान म्हटले आहे व तेथे त्याचा जीव रोज कासावीस होत असे असेही सांगितले आहे. म्हणजे भला माणूससुद्धा चुकीच्या जागी घर करून दुःख भोगतो, आणि त्याची मुलेबाळेही भोगतात.

२. मोशेचे प्रश्न

आता गणना १३ पाहा. देश देण्याचे वचन देवाने आधीच दिले होते, तरी मोशेने बारा माणसे पाहणीला पाठवली आणि त्यांना प्रश्न नेमून दिले. लोक कसे आहेत, थोडे की पुष्कळ? जमीन सकस की नापीक? गावे उघडी की तटबंदीची? झाडे आहेत की नाहीत? तिथले थोडे फळही आणा! वचन असूनही चौकशी झाली, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट. बाराही जणांनी एकच देश पाहिला. दहा जण भ्याले. यहोशवा व कालेब यांनी धीर दिला. चौकशीने माहिती मिळते, धैर्य विश्वासाने मिळते. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

३. एक उदाहरण

बेळगावचे एक कुटुंब धरा. वडील कारखान्यात फिटर आहेत व त्यांना बडोद्यास अधिक पगाराची जागा मिळते आहे. मुलगी नववीत, मुलगा चौथीत, आणि घरात दम्याची आजी. कारखान्याजवळ स्वस्तात खोल्या मिळतात. या कुटुंबाने काय काय तोलावे?

शाळा. ज्या संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून १९०६ मध्ये ते सर्व राज्यभर नेले, तेथे शाळांची वाण नाही. प्रश्न आहे तो भाषेचा आणि वेळेचा. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड, तेलंगणात २०१८ च्या कायद्याने तेलुगू व गुजरातेत २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकवणे आवश्यक झाले आहे. चौथीतला मुलगा नवी लिपी वर्षभरात उचलील, पण त्याला ते वर्ष मिळाले पाहिजे. नववीतल्या मुलीचे तसे नाही. केंद्रीय बोर्डाच्या शाळांत दहावीच्या परीक्षेसाठीची नोंदणी नववीतच होते. राज्याच्या बोर्डातून दुसऱ्या राज्याच्या बोर्डात गेल्यास पुस्तके आणि भाषा दोन्ही बदलतात. तेव्हा वडिलांनी आधी एकट्याने जावे व मुलीची दहावी झाल्यावर बिऱ्हाड हलवावे, हाही एक मार्ग आहे. दोन वर्षांची ताटातूट सोपी नसते. पण मुलीचे दहावीचे वर्ष परत मिळत नाही.

शाळा पाहायला जाल तेव्हा इमारतीच्या रंगावर जाऊ नका. शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे व १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याप्रमाणे पहिली ते पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक व सहावी ते आठवीपर्यंत ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. वर्गात डोकावून मुले मोजा. मुलींचे स्वच्छतागृह उघडे आहे की कुलूपबंद, ते पाहा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला एवढ्याच कारणाने सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हेही ठाऊक असावे.

शेजार. सदोमाचे पाप काय, याचे उत्तर यहेज्केल १६:४९ मध्ये आहे : गर्व, भरपूर अन्न, स्वस्थ आराम, आणि गरिबाला हात न देणे. शेजार पारखण्याची कसोटी हीच. सोसायटीत झाडूवाली आणि पहारेकरी यांना पाणी कोणत्या भांड्यातून मिळते, ते पाहिले की पुष्कळ कळते. आपले आडनाव, धर्म व स्वयंपाक विचारून दार लावून घेणारी घरे आजही आहेत. तेव्हा आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आपण ख्रिस्ती आहोत हे मोकळेपणाने सांगावे. पुढे अपमान होण्यापेक्षा आधी नकार बरा. घर विकत घेणार असाल तर गुजरातेत १९९१ चा अशांत क्षेत्रांचा कायदा आहे. घोषित भागांत जागेच्या व्यवहाराला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि बडोद्यातही असे भाग आहेत. कागद वकिलाला दाखवून मगच सही करावी.

पाणी, हवा व पूर. यरीहोच्या लोकांनी अलीशाला खरे ते सांगितले : गाव वसले आहे छान, पण पाणी वाईट. असे खरे बोलणारे रहिवासी शोधावेत. घरमालक सांगणार नाही. किराणा दुकानदार व दूधवाला सांगतील. बोअरचे पाणी असेल तर सरकारी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत व फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोयच नसेल तर अनुक्रमे २००० व १.५ ही शेवटची मर्यादा.

बडोद्यात विश्वामित्री नदी शहरातूनच वाहते. ३१ जुलै २०१९ रोजी तेथे एका दिवसात सुमारे ५०० मिलीमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदीचे पाणी पुन्हा वस्त्यांत शिरले. म्हणून जागा पाहताना भिंतीवरील पाण्याची खूण पाहावी, आणि विजेचे मीटर किती उंचीवर बसवले आहेत तेही पाहावे. हैदराबादकरांना हे सांगायला नको. २८ सप्टेंबर १९०८ चा मुसी नदीचा पूर व ऑक्टोबर २०२० मध्ये तलावांच्या काठच्या वसाहतींत शिरलेले पाणी त्यांना ठाऊक आहे.

बडोद्याच्या वायव्येस कोयली-नंदेसरी बाजूला तेलशुद्धीचे व रसायनांचे कारखाने आहेत. दम्याच्या आजीला घेऊन कारखान्याच्या भिंतीलगत राहायचे काय, हा प्रश्न भाड्याच्या आकड्याआधी सोडवावा. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये वायूने पहिले बळी घेतले ते कारखान्यासमोरच्या झोपड्यांत. स्वस्त जागा का स्वस्त आहे, हे विचारावेच.

एक साधा नियम सांगतो : हवा हिवाळ्यात पाहावी, पाणी मे महिन्यात पाहावे आणि रस्ता पावसाळ्यात पाहावा. तीनदा जाणे जमले नाही, तर तिन्ही ऋतूंविषयी विचारावे तरी.

४. वेदी कोठे बांधणार?

लोट खोऱ्यात उतरला. अब्राम हेब्रोनास गेला व तेथे त्याने परमेश्वराकरिता वेदी बांधली. उपासना कोणत्या भाषेत होते, मंदिर किती दूर आहे, शब्बाथशाळा भरते की नाही, हे प्रश्न निघण्यापूर्वीचे आहेत. मंडळी दूर असेल तर अक्विल्ल व प्रिस्किल्ला यांना आठवा. रोमहून निघावे लागल्यावर ते करिंथास व पुढे इफिसास गेले, आणि त्यांच्या घरीच मंडळी जमू लागली.

५. ज्यांना निवड नाही

वाचक म्हणतील, “एवढे तोलून पाहण्याची ऐपत कोणाची? जिथे काम, तिथे मुक्काम.” हे खरे आहे. बाबेलात नेलेल्या लोकांना तर कोणी विचारलेही नव्हते. त्यांना यिर्मयाने लिहिले की घरे बांधा, मळे लावा, आणि त्या नगराच्या हितासाठी झटा व प्रार्थना करा. अलीशानेही यरीहो सोडून जा असे सांगितले नाही; तो पाण्याच्या झऱ्यापाशी गेला. वाईट पाण्याच्या गावी राहावेच लागले, तर झऱ्यापर्यंत जाणे हे ख्रिस्ती माणसाचे काम आहे : नगरपालिकेत अर्ज देणे, शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसणे, शेजाऱ्यांना एकत्र करणे.

आणि जी मंडळी आधीपासून तेथे आहे, तिचे काय? नवागताला रविवारी हार घालून स्वागत करणे सोपे आहे. त्याहून मोलाचे असे की प्रत्येक मंडळीने दोन जाणती माणसे नेमावीत. बाहेरगावच्या कुटुंबाने विचारले की शाळा, वस्ती, पाणी यांविषयी त्यांनी खरे ते कळवावे. आपल्या गावाचा अभिमान बाजूला ठेवून यरीहोकरांसारखे सांगावे : गाव छान आहे, पण अमुक गल्लीत पाणी येत नाही. ज्या गरीब बांधवाला तीनदा येऊन पाहणे परवडत नाही, त्याचे डोळे आपण व्हावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

वर्गातील एखादे मूल गाव सोडणार असेल तर हा पाठ त्याच्या उपस्थितीत जपून घ्यावा. मित्र सुटण्याचे दुःख लहान नसते. मुलांना आपल्या गल्लीचा नकाशा काढायला सांगा. नळ, गटार, शाळा, झाड व मंदिर दाखवायला लावा. मग विचारा : उद्या नवे मूल येथे राहायला आले, तर त्याला तुम्ही काय सांगाल?

चर्चेसाठी प्रश्न

१. लोटाच्या निवडीत योग्य काय होते व उणे काय होते?
२. मोशेच्या प्रश्नांपैकी कोणता प्रश्न आपण बहुधा विचारतच नाही?
३. उदाहरणातील कुटुंबाला तुम्ही कोणता सल्ला द्याल? मुलीचे मत कोणी विचारावे?
४. आपल्या मंडळीत नवागतांना माहिती देण्याचे काम कोण करील? नावे आजच ठरवा.

प्रार्थना

हे प्रभू, आमचे येणेजाणे तुझ्या हाती आहे. आम्हांला पाहणारे डोळे, विचारणारी जीभ व खरे सांगणारे शेजारी दे. जेथे आम्ही राहू तेथील पाणी, शाळा व गल्ली आमच्यामुळे थोडी अधिक चांगली होवो. आमेन.